पुस्तकाची मूळ फाइल जपा : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पुस्तकांची पानं लावते. अक्षरजुळणी, मांडणी, छपाईसाठी अंतिम पीडीएफ करून देणं, हे माझं रोजचं काम. या कामाच्या अनुभवातून आपल्याकडे दोन मागण्या करते आहे. शासनाच्या पैशाने तयार होणाऱ्या प्रत्येक मराठी पुस्तकाची आणि अहवालाची संपादन करता येईल अशी मूळ फाइल शासनाने ताब्यात घ्यावी, जपावी आणि पीडीएफइतक्याच सहजपणे लोकांना द्यावी. आणि ज्या पुस्तकांची अशी फाइल आता कुणाकडेच उरलेली नाही, त्यांच्या पीडीएफमधून पुन्हा काम करण्याजोगी पानं काढणारं, देवनागरी जाणणारं सॉफ्टवेअर शासनाने तयार करून घ्यावं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून जुन्या ग्रंथांच्या जतनाबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि ते बोललं जायलाच हवं. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकावर जुळवलेल्या पुस्तकांकडे कुणाचं लक्ष नाही. ही पुस्तकं संगणकातच जन्मली, आजही संगणकातच आहेत, आणि तरी त्यांतला एक परिच्छेद बदलायचा तर कुणीतरी बसून सगळा मजकूर पुन्हा टाइप करतं.

मागे एका सरकारी प्रकाशनाच्या सुधारित आवृत्तीचं काम माझ्याकडे आलं. पुस्तक जाडजूड, तळटीपा, कोष्टकं आणि शेवटी सूची. मूळ फाइल मागितली तर कार्यालयाने पीडीएफ पाठवली आणि सांगितलं, हीच फाइल आहे. आधीच्या आवृत्तीचं काम करणाऱ्यांचं कंत्राट केव्हाच संपलं होतं. पीडीएफ कन्व्हर्टरमधून, म्हणजे तिची पुन्हा संपादनयोग्य पानं करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढली. पडद्यावर पान हुबेहूब दिसलं. पहिल्या परिच्छेदावर क्लिक केलं, तर प्रत्येक ओळ म्हणजे एक सुटी चौकट. शब्द वाढवला की तो समासात घुसायचा, खालची ओळ जागची हलायची नाही. कोष्टकाच्या रेषा एकीकडे, आकडे दुसरीकडे. तळटीप मुख्य मजकुराचाच पुढचा परिच्छेद होऊन बसलेली. पृष्ठांक मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांना लागू होणाऱ्या साच्यावर, नाहीच, पानापानावर नुसता आकडा चिकटलेला. जोडाक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. शेवटी अख्खं पुस्तक नव्याने टाइप झालं, प्रुफं नव्याने वाचली गेली, आणि पहिल्या आवृत्तीत नव्हत्या अशा चुका या टायपिंगमध्ये शिरल्या. त्याच मजकुरासाठी सार्वजनिक पैसा दुसऱ्यांदा खर्च झाला.

हे असं का होतं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण उपाय त्यातूनच निघतो. अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणलं ते एकाच हेतूने: पान कोणत्याही यंत्रावर सारखंच दिसावं. २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. दिसण्याचं काम ते चोख करतं. पण त्याच्या पोटात साधारणपणे एवढंच लिहिलेलं असतं, की अमुक आकाराचं अमुक अक्षरचित्र पानावर अमुक जागी काढा. परिच्छेद कुठे संपला, दोन स्तंभांपैकी आधी कोणता वाचायचा, हे शीर्षक आहे की ठळक केलेलं वाक्य, हे त्यात लिहिलेलं असेलच असं नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा कित्येकदा नोंदलेली नसते, नुसतं पुढचं अक्षर थोडं लांब काढलेलं असतं. कन्व्हर्टरला हे सगळं अंतरांवरून आणि आकारांवरून ताडावं लागतं. रेकोसॉफ्टचं पीडीएफ-टू-आयडी किंवा मार्कझवेअरचं पीडीएफ-टू-डीटीपी ही याच कामासाठी बनलेली सॉफ्टवेअर आहेत. पीडीएफमधून इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची फाइल उभी करायची, ओळी जोडून परिच्छेद करायचे, एकाच मजकुराच्या चौकटी एकमेकींना जोडायच्या. हे अवघड काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. रोमन लिपीतल्या साध्या पुस्तकात त्यांचा अंदाज बराच जमतो.

देवनागरीत त्याआधीच घोडं अडतं. आपण कधी एखाद्या शासकीय पीडीएफमधून मजकूर कॉपी करून पाहिला असेल, तर ‘शासन निर्णय’ऐवजी ‘शासन िनणर्य’ असं काहीतरी उमटलेलं नक्की दिसलं असेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठी ठरलेल्या संगणकीय अक्षरसंकेतात, ‘नि’ लिहिताना आधी न आणि मग पहिली वेलांटी साठवली जाते. कागदावर मात्र वेलांटी न च्या आधी येते. ‘र्ण’ साठवताना आधी र्, मग ण. कागदावर रफार ण च्या डोक्यावर, म्हणजे ण काढून झाल्यावर. पीडीएफ पाहतं ते कागदावरच्या क्रमाने. कोणतं अक्षरचित्र म्हणजे कोणतं अक्षर, हे सांगणारा एक तक्ता पीडीएफमध्ये ठेवता येतो, पण तो एकेका चित्रापुरता असतो, क्रम उलटवत नाही. त्यासाठी पीडीएफमध्ये वेगळी सोय आहे: चित्रांच्या गटाला ‘याचा खरा मजकूर हा’ अशी चिठ्ठी जोडता येते. ती जोडलेली नसेल, आणि बहुतेकदा नसतेच, तर त्या फाइलमध्ये ‘निर्णय’ शोधून सापडत नाही, मग तो शब्द पानोपानी छापलेला का असेना. मजकूरच असा विस्कटलेला असेल तर त्याचे परिच्छेद जुळवून कन्व्हर्टरने तरी काय साधावं?

हे झालं युनिकोडमधल्या फाइलींचं. त्याआधीची पुस्तकं श्री-लिपी, आकृती, एपीएस, आयएसएम अशा प्रणालींमध्ये जुळवलेली आहेत. त्या काळात या प्रणालींनीच मराठी छपाई संगणकावर आणली, हे ऋण मान्य करायलाच हवं. पण प्रत्येकीची अक्षरांची मांडणी वेगळी. एकीतला ‘क’ दुसरीत भलतंच चिन्ह. अशा पीडीएफमधून बाहेर येतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ, आणि तो उलगडायला नेमका कोणता फॉन्ट वापरला होता हे ठाऊक असावं लागतं. पीडीएफमध्ये फॉन्टही अख्खा नसतो, वापरलेल्या अक्षरांपुरताच असतो. मूळ पुस्तकात ‘ङ’ आलाच नसेल, तर त्या फॉन्टमध्ये तो नव्याने टाइप करता येत नाही. आणि छापखान्यात फॉन्ट बदलून घोळ होऊ नये म्हणून आम्हीच कित्येकदा मजकूर कर्व्ह करून पाठवतो. तिथे तर अक्षर संपलं, नुसत्या रेषा उरल्या.

मग राहतं ओसीआर, म्हणजे पानाचं चित्र पाहून अक्षरं ओळखणं. टेसरॅक्टसारखं मुक्त सॉफ्टवेअर मराठी ओळखतं, आणि स्वच्छ पानावर चांगलं ओळखतं. पण घ चा ध होणं, भ चा म होणं, अनुस्वार गळणं हे चालूच असतं, आणि मांडणी पुन्हा पहिल्यापासून. पर्याय नसेल तिथे ते वापरावंच. पण काल-परवा तयार झालेल्या पुस्तकावर ती वेळ येऊ देणं, ही उधळपट्टी आहे.

आता उपाय. पहिला जवळजवळ फुकट आहे: कंत्राटात एक कलम. काम पूर्ण झालं असं तेव्हाच मानावं, जेव्हा छपाईच्या पीडीएफसोबत मांडणीची फाइल, चित्रं आणि वापरलेल्या फॉन्टांची यादी हाती येईल. मांडणी इनडिझाइनमध्ये असेल तर तिची आयडीएमएल प्रतही घ्यावी. आयडीएमएल म्हणजे एक्सएमएलची, म्हणजे खुणा लावलेल्या साध्या मजकुराची, गाठोडी; ती स्क्रायबस, अफिनिटी, क्वार्कएक्सप्रेस या मांडणीच्या इतर सॉफ्टवेअरनाही उघडता येते, त्यामुळे उद्या कुण्या एका कंपनीवर अवलंबून राहावं लागत नाही. मजकूर युनिकोडमध्येच असावा. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक २००९ मध्येच ठरवलेलं आहे, फक्त प्रकाशनाच्या कंत्राटात ते तपासलं जायला हवं.

मूळ फाइल हरवू नये यासाठीही सोय तयार आहे. पीडीएफ/ए हा दीर्घकाळ जतनासाठीचा पीडीएफचा प्रकार; त्यातलं पीडीएफ/ए-३ हे २०१२ चं मानक पीडीएफच्या आतच दुसरी कोणतीही फाइल जोडू देतं. लिबर ऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ काढताना ‘हायब्रिड’ हा पर्याय निवडला, की संपादनयोग्य दस्तऐवज त्याच पीडीएफमध्ये बसतो. साध्या परिपत्रकांसाठी आणि अहवालांसाठी कार्यालयं उद्यापासून एवढं करू शकतात. मोठ्या पुस्तकांसाठी पीडीएफ/ए ची ‘बी’ पातळी मान्य करू नये, कारण ती फक्त दिसण्याची हमी देते. ‘यू’ पातळीत प्रत्येक अक्षरचित्राची युनिकोड ओळख सक्तीची असते, आणि ‘ए’ पातळीत परिच्छेद, शीर्षक, वाचनक्रम यांचीही नोंद लागते. हीच नोंद स्क्रीन रीडरने वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला हवी असते. ज्या पीडीएफमधून मला पान काढता येत नाही, ती त्याला ऐकताही येत नाही.

दुसरा उपाय खर्चाचा आहे, पण तोही आवाक्याबाहेरचा नाही. जुन्या मराठी प्रणालींच्या अक्षरमांडण्या ओळखणारं, वेलांटी आणि रफार जागेवर आणणारं, शब्दकोशाशी ताडून शंकास्पद शब्द अधोरेखित करणारं आणि शेवटी परिच्छेद-शैलींसह आयडीएमएल देणारं साधन. मराठीचा देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल त्याने हिंदी वळणात बदलता कामा नयेत. शासनाने २००९ च्या निर्णयात ही मराठी वळणं ठरवून दिली आहेत. पुण्यात सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणन संस्था आहे, मुंबईत आयआयटी आहे, आपल्याच विभागात राज्य मराठी विकास संस्था आहे. ज्ञान इथेच आहे. साधन मुक्त स्रोत असावं, म्हणजे छोटा प्रकाशकही ते वापरेल आणि त्यातल्या चुका आमच्यासारखे लोक दुरुस्त करत राहतील. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं पीडीएफ रूपात लोकांना मोफत दिली, ही फार मोठी गोष्ट आहे. पहिली चाचणी त्याच पुस्तकांवर व्हावी असं मला मनापासून वाटतं.

संपादनयोग्य फाइल दिली तर कुणी मजकुरात फेरफार करील, अशी हरकत घेतली जाते. अधिकृत प्रत कोणती, हे पीडीएफवरच्या डिजिटल स्वाक्षरीवरून ठरवता येतं, आणि ती पीडीएफ जागेवर राहणारच आहे. फेरफार करू पाहणाऱ्याला आजही नव्याने टाइप करून तो करता येतो. अडतो तो दुसरी आवृत्ती, ब्रेल प्रत किंवा अनुवाद तयार करणारा.

आपल्या विभागाने हे काम हाती घेतलं, तर चाचणीसाठी लागणारी पानं आम्ही डीटीपी करणारी माणसं देऊ: कोष्टकांची, कवितांची, तळटीपांची, दोन स्तंभी कोशांची, कर्व्ह केलेली, जुन्या फॉन्टांतली. प्रत्येक पानासोबत हाताने तपासलेला बरोबर मजकूरही देऊ, म्हणजे साधन किती ठिकाणी चुकतं ते मोजता येईल. कलमाचा मसुदा करताना काय मागायचं आणि ते कसं तपासायचं, हे सांगायलाही आम्ही येऊ. आपण वेळ द्यावी, ही विनंती.

आपली,
मराठी पुस्तकांची एक अक्षरजुळणीकार