नाथांचे गाढव आणि आमचा धर्मशिक्षणाचा वर्ग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातले धर्मशिक्षणाविषयीचे पत्र वाचले आणि रात्रभर ते डोक्यातून गेले नाही. कॅथलिक मुलांना रविवारच्या वर्गात जातककथा, वारकरी संतांच्या गोष्टी, आफ्रिकेतल्या लोककथा सांगितल्या की त्यांची श्रद्धा पातळ होते, असे पत्रलेखकाचे म्हणणे. बायबलमध्ये गोष्टी कमी आहेत का, असाही त्यांचा सवाल आहे. मुळीच कमी नाहीत. वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मी बरीच वर्षे हा वर्ग घेत आले आहे आणि त्यांना उत्तर बायबलमधूनच देणार आहे.

त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढावा. प्रभू येशू आपल्याच गावच्या, नासरेथच्या सभास्थानात बोलतो आहे. दुष्काळात इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, पण एलीया संदेष्ट्याला देवाने पाठवले ते सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे. त्याच्यानंतरच्या अलीशा संदेष्ट्याच्या काळी इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, बरा झाला तो सुरियाचा नामान. ही दोन उदाहरणे ऐकून गावकरी इतके खवळले की त्यांनी त्याला गावाबाहेर काढून कड्यावरून लोटून द्यायला नेले. आपल्या सभास्थानात परक्यांचे गुण गायलेले त्यांना सोसले नाहीत. कालचे पत्र वाचताना मला हाच अध्याय आठवत राहिला.

दहाव्या अध्यायातल्या गोष्टीत वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला उचलून त्याची शुश्रूषा करणारा शोमरोनीही परकाच, यहुद्यांना नकोशा असलेल्या समाजातला. त्या जखमी माणसाला टाळून पुढे गेलेले दोघे, मंदिरातला याजक आणि त्याचा मदतनीस लेवी, ते मात्र घरचे.

अडचण अशी की ही गोष्ट आमच्या मुलांना तोंडपाठ आहे. ‘एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चालला होता’ एवढे म्हणेपर्यंत मागच्या बाकावरून ‘शोमरोनी!’ असे उत्तर येते. धर्मग्रामाच्या स्नेहसंमेलनात त्यांनी तिचे नाटकही केलेले असते. शोमरोनी म्हणजे चांगला माणूस, हे त्यांनी धरूनच ठेवले आहे. प्रभूच्या श्रोत्यांना त्या नावाचासुद्धा तिटकारा होता, हे समजावून सांगितले तर ती माना डोलावतात, पण कोणाला काही लागत नाही.

म्हणून मी एकनाथांची गोष्ट सांगितली. काशीहून गंगेची कावड घेऊन निघालेले नाथ, ते पाणी रामेश्वराला वाहायचे, आणि वाटेत तापल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव. नाथांनी कावडीतले पाणी गाढवाच्या तोंडात ओतले. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या फूटपट्टीला दोरीने बांधून मुलांनी कावड केली, एक जण गाढव होऊन फरशीवर आडवा झाला. खेळ संपल्यावर चौथीतला एक मुलगा म्हणाला, “टीचर, याजकाला देवळाचं काम होतं म्हणून तो थांबला नसेल. पण नाथांनाही देवळातच जायचं होतं ना? तरी ते थांबले.” तोंडपाठ असलेली शोमरोन्याची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा त्या मुलाच्या आत उतरली, आणि ती पैठणच्या वाटेने उतरली. मग आम्ही मत्तयचा पंचविसावा अध्याय उघडला. ‘मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले’ हे प्रभूचे शब्द मुलांनीच मोठ्याने वाचले. मी प्रत्येक गोष्ट शुभवर्तमानापाशी आणूनच सोडते. सगळे धर्म सारखेच, असे सांगून मोकळे होणे मला मान्य नाही आणि मी तसे कधी शिकवलेलेही नाही.

त्याच दिवशी एका मुलीने विचारले, “आमच्या वाडीत कामाला बायका येतात, त्यांना पाणी द्यायचा पेला वेगळा आहे. तो मोरीत उपडा ठेवलेला असतो. असं का?” मी तिला म्हटले, हे तू घरी विचार.

तिने विचारले असणार. पुढच्या आठवड्यात तक्रार आली: टीचर मुलांना हिंदू संतांच्या गोष्टी सांगतात. बैठक झाली, नेमलेल्या पुस्तकाबाहेर जाऊ नका असे मला सौम्य शब्दांत सांगण्यात आले, आणि ती मुलगी वर्गात यायची बंद झाली. चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला ती आईवडिलांबरोबर येते, मला बघून हसते. मोरीतल्या पेल्याविषयी बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही, कारण मुलीने विश्वासाने विचारलेली गोष्ट मला चारचौघांत मांडायची नव्हती. पत्रलेखकांना माझे कळकळीचे विचारणे आहे: त्या मुलीची श्रद्धा नाथांच्या गाढवाने पातळ केली, की त्या पेल्याने?

परक्या गोष्टी चर्चला नव्या नाहीत. मध्ययुगात युरोपभर संत योसाफात म्हणून ज्या राजपुत्राची कथा भाविक लोक ऐकत, ती गौतम बुद्धाच्याच चरित्रावरून आलेली होती. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले. जेझुइट संघाचा हा इंग्रज धर्मगुरू इथली भाषा शिकला, आणि येशूची कथा सांगणारे त्याचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या राचोलला छापले गेले. नव्या ख्रिस्ती लोकांनी जुनी पुराणे सोडावीत म्हणून त्यांनी ते लिहिले, हे मला ठाऊक आहे. पण लिहिले ओवीत, ज्ञानोबा-नाथांच्या ओवीत. आणि 1965 साली व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत स्वच्छ म्हटले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही चर्च नाकारत नाही. आमच्या कित्येक पालकांपर्यंत ते अजून पोचलेले नाही.

आमचे वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेच बघा. बाप पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी जपानला गेले, जपानी इतके उत्तम शिकले की पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले. एकूण 26 जण होते, त्यातले 20 जपानी. सर्वांत लहान लुई इबाराकी, वय वर्षे 12. माझा क्रूस कोणता, असे त्याने तिथे पोचल्यावर विचारले, असे सांगतात. गोन्सालोंचा सण वसईत थाटाने होतो, पण आमच्या मुलांच्याच वयाचा हा लुई त्यांना माहीत नाही. त्याची गोष्ट मी सांगते तेव्हा मुले हमखास विचारतात की तो काय खायचा, शाळेत जायचा का, त्याची आई कुठे होती. मग त्यांना जपान परका वाटत नाही. पत्रलेखकांच्या नियमाने हीसुद्धा परदेशी गोष्टच, मग तीही वगळायची का?

जाता जाता आपल्या दैनिकाविषयीही थोडे. आमच्या समाजाची आठवण आपल्याला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होते. केक, चांदणी आणि लाल टोपीवाला सांता छापला की वर्षभराची सोय झाली. 5 फेब्रुवारीला गोन्सालो गार्सियांवर एक ओळ नव्हती. इथली मराठी बोलणारी, मराठीत प्रार्थना करणारी, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या कसणारी माणसे आपल्या पानांवर दिसत नाहीत. मग इतर वाचकांना आम्ही परके वाटलो आणि आमच्यातल्या काहींना नाथ परके वाटले, तर त्यात आपलाही वाटा आहे.

हे पत्र छापणार असाल तर जागेअभावी लूकचा चौथा अध्याय गाळू नये. मागच्या वेळी माझ्या पत्रातले बायबलचे संदर्भ तेवढे नेमके गाळले गेले होते आणि उरलेल्या मजकुराला काही अर्थच राहिला नव्हता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई