आमवात आणि पांढऱ्या पेशी

महोदय,
पावसाळा लागला की मालवण-वेंगुर्ल्याकडे दुखऱ्या बोटांचा सगळा दोष दमट हवेवर जातो आणि निर्गुंडीचा शेक सुरू होतो. शेकाने बरे वाटते, त्याला माझी ना नाही. आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांधेदुखीत) मात्र रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच सांध्याच्या अस्तरात घुसतात, टीएनएफसारखी रसायने सोडून सूज पेटती ठेवतात; पुढे कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) आणि हाडही झिजते. निरोगी सांध्यातल्या दर मायक्रोलिटर द्रवात या पेशी २००हून कमी असतात, आमवातात हजारोंनी सापडतात. सकाळचा ताठरपणा तासभर राहत असेल तर डॉक्टरांकडे जायला गणपतीची वाट पाहू नये. आणि या आजारावरचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, हे औषध दुकानदारांनी पाकिटावर मराठीत ठळक लिहून द्यावे.

— एक वाचक, वेंगुर्ले