शब्दकोश फक्त अभ्यासाला?

'सुट्टीत काय वाचावे' हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. यादी उत्तम, पण शब्दकोशांना 'अभ्यासाची पुस्तके' म्हणून बाजूला ठेवणे पटले नाही. एम.ए.च्या वर्षांत मीही मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश परीक्षेपुरताच उघडत असे. आता दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चा एखादा खंड दुपारच्या चहाला सोबत असतो. त्यात अर्थाबरोबर म्हणी आहेत, जुन्या साहित्यातले दाखले आहेत. परवा 'कैरी' बघायला गेले आणि 'कोय', 'कोयंडा', 'कोयता' करत तासभर रमले. चहा अर्थातच गार! हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. पुढच्या यादीत त्यांना जागा द्यावी.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा