शेतीचा टक्का घटला, विहिरीतलं नायट्रेट नाही

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातली 'हरितगृह वायूंत शेतीचा वाटा घटला' ही बातमी वाचली आणि रात्री नीट झोप लागली नाही. आकडे खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात २०२० सालचा शेतीचा वाटा १३.७२ टक्केच आहे, आणि २०१० साली तो १८ टक्क्यांच्या घरात होता. पण त्याच दहा वर्षांत देशाचं एकूण उत्सर्जन सुमारे २१४ कोटी टनांवरून २९६ कोटी टनांवर गेलं. गुणाकार करून पाहा. शेतीचा आकडा २०१० लाही ४० कोटी टनांच्या आसपास होता, २०२० लाही तिथेच. बाकीच्यांचा धूर वाढला म्हणून आमचा टक्का उतरला. मथळ्यात 'घटला' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, शेतकऱ्यांनी काहीतरी सुधारलं. मी केळीवाला आहे. आम्ही काहीही सुधारलेलं नाही.

त्याच बातमीत 'अप्रत्यक्ष उत्सर्जन' एका ओळीत उरकलंय. माझं दुखणं त्या ओळीत आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. दूध पुरेना म्हणून बाळाला वरचं सुरू करावं लागलं. आमची विहीर बागेच्या खालच्या अंगाला आहे, घरातलं सगळं पाणी तिचंच. माझी बायको ते पाणी वीस-वीस मिनिटं उकळायची, गाळायची आणि मग पावडर कालवायची. दोन महिन्यांच्या नातीचे ओठ एके दिवशी निळसर दिसले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुधाला पाणी कुठलं वापरता?" मग म्हणाले, पाणी तपासून घ्या आणि तोवर ते बाळाला अजिबात देऊ नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची, म्हणजे नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाची, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आमच्या विहिरीत दुपटीहून जास्त निघालं. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते दाट होतं, हे त्या दिवशी कळलं. म्हणजे बायको जितकी काळजी घेत होती तितकं ते वाढत होतं. पाणी बदललं आणि नात बरी झाली, आता अंगणात पळते. पण बायको अजून तो विषय निघाला की उठून आत जाते.

ते नायट्रेट माझ्याच हातचं होतं. केळीला शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्राची. मी अडीचशे, कधी तीनशेपर्यंत देत होतो. शेजारी देतो, घड मोठा दिसतो, म्हणून. केळीने घेतलं तेवढं घेतलं. उरलेलं मातीत नायट्रेट होऊन पावसाने धुऊन खाली गेलं, काही अमोनिया होऊन हवेत गेलं. ओल्या मातीवर युरिया फेकून दुसऱ्या दिवशी बागेत शिरलं की नाकाला झोंबतो तो तोच.

तुमच्या बातमीतलं 'अप्रत्यक्ष' ते हेच. नत्र शेतातून निसटतो आणि विहिरीत, नाल्यात, दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन तिथे त्याचा नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतला हिशेब मी मुलाला बसवून करून घेतला. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र. त्यातलं ३० टक्के पाण्याबरोबर वाहतं, १० टक्के हवेत जातं असं धरायचं. या निसटलेल्या नत्राचंच उत्सर्जन गोणीमागे सुमारे २९ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं होतं. देशात वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून जास्त युरिया खपतो. त्याच मार्गदर्शिकेत कोरड्या भागातल्या ठिबकच्या शेताला वाहून जाण्याचा हिस्सा लावत नाहीत. माझी बाग ठिबकवरच आहे! पण मृगबागेला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीला, ठिबक असलं तरी पाऊस काय ठिबकने पडतो? माझी विहीर त्या नियमाला मान्यता देत नाही.

आणि हे माझ्या एकट्याच्या विहिरीचं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित पंधरा जिल्हे दिलेत. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. सगळा दोष युरियाचा नाही, शोषखड्डे आणि गोठेही आहेत, हे मान्य. तरी वाटा घटल्याची बातमी ज्या जिल्ह्यात सकाळी वाचली जाते, तिथल्या बाळांच्या बाटलीत कुठलं पाणी जातं हेही कुणीतरी लिहायला हवं.

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होऊ नका, एवढीही विनंती. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, डीएपी या दुसऱ्या खताची १३५० ला. २०१० साली बाकीच्या खतांना पोषणद्रव्यावर अनुदान सुरू झालं, युरियाचा भाव मात्र सरकारच ठरवत राहिलं. मग हात युरियाकडेच जाणार. खप कमी व्हावा म्हणून २०१५ पासून सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला केला, २०१८ ला गोणी पन्नास किलोची पंचेचाळीस केली. पण एकरी किलोने आम्ही कधी मोजतच नव्हतो. एकरी किती किलो नत्र, हे विचारायचं असतं ते माती तपासून सरकार देतं त्या पत्रिकेला. माझी पत्रिका आली ती शेजारच्या गट नंबरची. दुरुस्तीसाठी तीन खेपा घातल्या, शेवटी सांगितलं, "आता पुढच्या वेळी." ती पुढची वेळ अजून आलेली नाही.

तुमच्याकडून एवढंच हवं: जिल्ह्यातल्या विहिरींचं नायट्रेट पावसाआधी आणि पावसानंतर, गावानिशी छापा. बाजारभाव रोज छापता, हे वर्षातून दोनदा.

जाता जाता, लिंकिंगबद्दलही लिहा, म्हणजे युरियासोबत नको असलेला माल घ्यायला लावण्याबद्दल. परवा युरियाच्या पाच गोण्या मागितल्या तर दुकानदाराने सोबत कसल्याशा द्रवखताच्या दोन बाटल्या गळ्यात मारल्या आणि बिल फक्त युरियाचं दिलं. बाटल्या नको म्हटलं तर गोण्या आत ठेवल्या. कांदेबागेची, म्हणजे पावसाळा सरतानाच्या केळीची, लागण तोंडावर आहे, म्हणून घेतल्या.

आपला,
एक केळी उत्पादक
ता. रावेर, जि. जळगाव