डॉक्टर, तुम्ही तिला विचारलंत

डॉक्टर,

डिस्चार्जच्या दिवशी तुमच्याशी धड बोलता आलं नाही. घसा दाटून आला होता आणि दाराबाहेर आणखी तीन-चार आईबाप फायली घेऊन उभे होते. म्हणून आज लिहायला बसले.

लेक १३ वर्षांची. जन्मतःच टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयाच्या रचनेतच दोष. पहिलं ऑपरेशन तान्हेपणी झालं. सहाव्या वर्षी दुसरं झालं, तेव्हा हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवर व्हॉल्व्हची नळी बसवली. ती नळी आता आकसली होती, गळतही होती. तिसऱ्यांदा छाती उघडायची नाही, शिरेतून कॅथेटरने, म्हणजे लांब लवचीक नळीने, नवा व्हॉल्व्ह बसवता येईल, हे कळल्यावर आम्ही किती हुरळून गेलो होतो!

मग ते पहिलं हॉस्पिटल. तिला भूल दिली, कॅथ लॅबमध्ये नेलं आणि तीन तासांनी बाहेर आणलं. दोन्ही जांघांना पट्ट्या, आणि व्हॉल्व्ह बसलेलाच नाही. "शीर मिळाली नाही," एवढं सांगून डॉक्टर निघून गेले. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "बसवला ना गं?" त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आठवायचंही नाही.

शीर बुजली याचा दोष मी कुणालाच देत नाही. तान्हेपणी तिचा जीव वाचवायला त्याच जांघांत लाइन घातल्या होत्या, तपासण्यांचे कॅथेटरही तिथूनच गेले. इतक्या कोवळ्या शिरा त्यात बुजतात, हे आता मलाही कळतं. पण हे सगळं फाइलमध्ये लिहिलेलं होतं, आणि ती फाइल घेऊन मी दाराबाहेरच बसले होते. भूल देण्याआधी सोनोग्राफीचा प्रोब ठेवून एकदा बघायला किती वेळ लागला असता? तो राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा तिने कुणाच्याही नजरेला नजर देणं सोडलं होतं. तुम्ही फाइल पहिल्या पानापासून वाचलीत. मग स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलात आणि प्रोब ठेवायच्या आधी जेल तळहातावर घेऊन जरा कोमट केलंत. जांघेतली उजवी शीर पडद्यावर दिसलीच नाही. तिच्या जागी नुसता दोरीसारखा पांढरा पट्टा, आणि आजूबाजूला रक्ताने शोधलेल्या बारीक बारीक आडवाटा. डावी उघडी होती, पण अरुंद. व्हॉल्व्ह ज्या नळीतून जातो ती २२ फ्रेंच, म्हणजे साधारण सात मिलिमीटर. टेबलावरची पेन्सिल उचलून तुम्ही तिला दाखवलीत, "एवढी जाड." तोवर आम्हाला हा आकडा कुणी सांगितलाच नव्हता.

आणि मग तुम्ही प्रोब तिच्याच हातात दिलात. तिच्या मानेच्या उजव्या बाजूला टेकवून म्हणालात, "आता तोंड मिटून जोर लाव, फुगा फुगवतेस तसा." पडद्यावरची शीर टम्म फुगली. तिने श्वास सोडला, शीर पुन्हा आकसली. "ही माझी?" तिने विचारलं. किती दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला होता, डॉक्टर! तिने तीनदा करून पाहिलं. बाहेर ओपीडी खोळंबली होती तरी तुम्ही घाई केली नाहीत.

त्यानंतर तुम्ही माझ्याकडे वळाल असं वाटलं होतं. सगळे तसंच करतात, मुलांच्या डोक्यावरून आईबापांशी बोलतात. तुम्ही तिलाच विचारलंत, "मानेतून गेलं तर इथे बारीक खूण राहील. चालेल तुला?" कारणही तिलाच सांगितलंत. हा व्हॉल्व्हही कायमचा नाही, पुढे कधीतरी पुन्हा शिरेतून जावं लागेल, म्हणून डावी जांघ आत्ता ताणायची नाही, राखून ठेवायची. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "चालेल. पण मी केस वर बांधते." "मग आणखी जपून टाके घालू," तुम्ही म्हणालात.

माणूस चांगला असणं म्हणजे तरी वेगळं काय असतं? ज्याच्या अंगावर सुरी चालणार त्याला माणूस समजून विचारणं, थंड जेल हातावर कोमट करणं. शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, अशी फार थोडी.

२००० साली पॅरिसमध्ये १२ वर्षांच्या एका मुलाला जगात पहिल्यांदा असा व्हॉल्व्ह कॅथेटरने बसवला, तो गुराच्या मानेतल्या शिरेपासून बनवलेला होता, हे तुम्ही तिला सांगितलंत. आपलाही त्याच जातीचा, हे कळल्यावर ती म्हणाली, "मानेतला व्हॉल्व्ह मानेतूनच जाणार." भूल देताना हेच पुटपुटत होती, असं सिस्टरनी मला सांगितलं. आत जाताना ती रडली नाही.

आता जिना चढताना मधे थांबत नाही. केस वर बांधूनच शाळेत जाते, कुणी खुणेबद्दल विचारलं तर सगळं समजावून सांगते. पुढच्या तपासणीला तिला मानेतली ती शीर पुन्हा पडद्यावर पाहायची आहे. तुम्हाला वेळ असेल तरच, असं मी तिला बजावून ठेवलंय.

तुमच्या पेशंटची आई