सूचना : रविवारची क्रोटन-ऑन-हडसन सहल

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी, 11 ऑक्टोबरला, आपण हडसनकाठच्या क्रोटन गावी जातोय. सकाळी 8:30 ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशनमध्ये चौकशी खिडकीवरच्या घड्याळाखाली जमायचं. उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी सोडली जाणार नाही, आधीच सांगतोय.

• तिकीट चढण्यापूर्वी काढा, गाडीत जास्त पैसे पडतात. उतरायचं क्रोटन-हार्मनला. जाताना डावीकडच्या खिडक्या धरा, नदी त्याच बाजूला.

• आधी क्रोटन पॉइंट पार्क, स्टेशनपासून चालत. तिथली गवताळ टेकडी म्हणजे मातीखाली झाकलेला जुना कचरा डेपो. सांगितल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही! अंडरहिल कुटुंबाची विटांची वाइन-तळघरंही तिथेच आहेत.

• दुपारी टॅक्सीने न्यू क्रोटन धरण. न्यूयॉर्कच्या पाण्यासाठी 1892 ते 1906 या काळात बांधलेलं, अख्खं दगडी, जवळपास 300 फूट उंच. पायऱ्यापायऱ्यांचा सांडवा पायथ्याच्या पार्कातूनच बघावा.

• डबा घरून आणा, कचरा परत न्या. नदीवर वारा बोचरा असतो. मुलांना जॅकेट हवंच.

नावं गुरुवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा, टॅक्सी त्या हिशेबाने ठरवायच्या आहेत.