ठरावीक आकार नसलेली प्रथिनेही कामाचीच

महोदय,

प्रथिनाला ठरावीक आकार असेल तरच ते काम करते, असे विज्ञानविषयक लेखांत सर्रास वाचायला मिळते. हे अपुरे आहे. चेतापेशीतून संदेशरसायन बाहेर सोडायला लागणारी स्नेअर प्रथिनेच घ्या. पेशीतल्या वाहतुकीवरील ज्या संशोधनाला २०१३चे नोबेल मिळाले, त्यात यांचा मोठा वाटा होता. संदेशरसायनाच्या पुटिकेवरचे (पटलाच्या इवल्या पिशवीवरचे) सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पेशीपटलावरचे स्नॅप-२५ एकेकटे असताना सैल धाग्यासारखे असतात. पेशीपटलावरचेच सिंटॅक्सिन हे तिसरे प्रथिन भेटले की तिघांची मिळून चार पिळांची जुडी होते; त्यातले दोन पीळ स्नॅप-२५चे. पीळ लांबच्या टोकापासून पटलाकडे बसत येतो आणि त्या ओढीने पुटिकेचे आणि पेशीचे अशी दोन्ही पटले एकजीव होतात. जुडी इतकी घट्ट, की ती सोडवायला एनएसएफ या प्रथिनाला एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन) खर्चावे लागते. नाही सुटली, तर पुढच्या खेपेला मोकळे धागेच नाहीत!

सैलपणात जोखीमही आहे. बोट्युलिनम या जिवाणूजन्य विषाचा ए प्रकार सुट्या स्नॅप-२५चे शेवटचे ९ अमिनो आम्लांचे शेपूट कापतो. जुळलेल्या जुडीपुढे त्याचे फारसे चालत नाही. अल्फा-सिन्युक्लिन (१४० अमिनो आम्ले) हे चेतापेशीतले असेच आणखी एक सैल प्रथिन; ते पुटिकेच्या पटलावर पीळ घेते. तेच आपसात चिकटून तंतू झाले, की पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या चेतापेशींत आढळणाऱ्या गुठळ्या होतात.

– जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे